पगडीखालचा गृहस्थ

माझ्या वडिलांनी ऐंशी वर्षांत कधी आवाज चढवला नाही, याला कारण एक फोटो आहे.

फोटोत त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, खुर्चीत बसले आहेत. डोक्यावर पगडी, मिशा दोन्ही बाजूंना सारख्या उतरलेल्या, अंगात लांब कोट, खांद्यावर उपरण्याची घडी. उजवा हात काठीच्या मुठीवर, डावा मांडीवर पालथा. चेहऱ्यावर भाव असा, की समोरचा बोलतोय ते साफ चूक आहे, पण त्याचं बोलणं पुरं होऊ द्यावं. बाबा तीन-चार वर्षांचे असताना कुठल्याशा आत्यानं त्यांना या फोटोखाली उभं केलं आणि ती ओरडली, "अगं बाई, हुबेहूब! नाक बघा नाक!" तिथं बाबांचं आयुष्य ठरून गेलं. मिसरूड फुटल्यावर त्यांनी मिशा तशाच वळवल्या. खुर्ची दिसली की ते तसेच बसत. दाताच्या डॉक्टरकडे आडवं केलं तरी त्यांचा उजवा हात नसलेली काठी शोधायचा.

पणजोबा श्रीमंत होते. खानदेशात कापसाचे जिनिंगचे कारखाने, विम्याच्या धंद्यात भागीदारी, पुण्यात बंगला, बंगल्यात विलायती कमोड. गेल्या शतकाच्या सुरुवातीला असा माणूस राजकारणात पडला की तो नेमस्त व्हायचा. पुढे त्यांनी स्वतःला लिबरल म्हणवून घेतलं. लिबरलांचं काम म्हणजे अर्ज करणं, ठराव करणं, शिष्टमंडळ नेणं आणि उत्तर येईपर्यंत थांबणं. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात शौचकूप हवेत म्हणून पणजोबांनी वर्षानुवर्षं अर्ज केले आणि प्रत्येक अर्ज द्यायला ते स्वतः पहिल्या वर्गानं गेले. शेवटी सरकारनं स्टेशनात एक बाक दिला. पणजोबांनी बाकाबद्दल आभाराचा ठराव पास करून घेतला.

पुढे ते कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले. मतं मागणं म्हणजे मतदाराच्या विवेकावर दडपण आणणं, म्हणून प्रचार केला नाही. मतदानाच्या दिवशी स्वतःला मत देणं शिष्टाचाराला धरून नाही, म्हणून विरोधी उमेदवाराला मत दिलं. त्यांच्या धाकट्या भावानं थोरल्याचं अनुकरण केलं. घरातली एवढी मतं पलीकडे गेल्यावर निकाल काय लागला ते बाबा कधीच सांगत नाहीत. "लढत सभ्य झाली," एवढंच म्हणतात.

आणि जोड्याची गोष्ट. एका अधिवेशनात नेमस्त आणि जहाल यांची जुंपली, खुर्च्या उडाल्या, आणि जहालांच्या बाजूनं आलेला एक जोडा व्यासपीठावर बसलेल्या पणजोबांच्या खांद्याला लागला. त्यांनी तो उचलला, टेबलावर ठेवला आणि अध्यक्षांची परवानगी घेऊन म्हणाले, "सन्माननीय सभासदानं दुसराही पाठवावा. अर्धवट सूचनेवर सभेला विचार करता येत नाही."

बाबांनी ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली आहे, की मला त्या जोड्याचा वाससुद्धा ठाऊक आहे.

आमचं घर याच वळणावर चालायचं. वांग्याच्या भाजीचा ठराव आई मांडायची, बाबा उपसूचना द्यायचे आणि मी भोकाड पसरायचे. मी चिडले की घरात मला 'जहाल' म्हणत. चिडायला मला कारण लागत नाही, पण तेव्हा कारणंही होती. माझ्या लग्नात सासरच्यांनी आयत्या वेळी मानपानाचं खुसपट काढलं. मला वाटलं होतं, आज तरी बाबा कडाडतील. बाबा म्हणाले, "त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे." त्या क्षणी मला मांडव पेटवून द्यावासा वाटला होता.

आई गेल्यापासून बाबा वर्षातले सहा-सात महिने आमच्याकडे सिंगापूरला असतात. मी आंग मो किओच्या एका कंपनीत चिप तपासायच्या यंत्रांवर काम करते, नवरा पहाटेच तुआसच्या शिपयार्डात जातो, मुलगी शाळेत. बाबा येताना फोटो केबिन बॅगेत टॉवेलात गुंडाळून आणतात. चेक-इनवर त्यांचा भरवसा नाही. फोटो दिवाणखान्यात लागला की ते त्याखाली बसतात, आणि मग घरात आल्यागेल्याला एकाच वेळी दोघांना नमस्कार करावा लागतो.

सिंगापूर त्यांना मानवलं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, लोक टेबलावर टिशूचं पाकीट ठेवतात आणि खुशाल जेवण आणायला जातात, आणि त्या टेबलाला कोणी हात लावत नाही, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. "हक्क सांगितला, पण आवाज केला नाही," ते म्हणाले. "आजोबांना हेच हवं होतं." पुलाउ उबीन बेटावर जाणारी बोट बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही, हे कळल्यावर तर त्यांनी बोटवाल्याचा हात हातात घेतला. कोरम पाळणारं वाहन त्यांना आयुष्यात प्रथमच भेटलं होतं.

गेल्या वर्षी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. ऐंशी ओलांडली, हजार पौर्णिमा पाहून झाल्या. बाबांना त्याच दिवशी आजोबांचं चरित्रही प्रकाशित करायचं होतं. ते त्यांनी वीस वर्षं खपून लिहिलं होतं. पुण्यात छापून घेतलं, मुखपृष्ठावर अर्थातच तो फोटो. चुलतभाऊ पुस्तकांचं सगळं ओझं दोन सुटकेसमध्ये घेऊन आला आणि त्याच्या अंगावरच्या कपड्यांखेरीज त्यानं दुसरं काही आणलं नव्हतं. महिनाभर तो माझ्या नवऱ्याचे टी-शर्ट घालून हिंडला.

आमच्या कॉन्डोची, म्हणजे सोसायटीची, फंक्शन रूम मागायला मी मॅनेजरकडे गेले. कार्यक्रम काय, त्यानं विचारलं. मी सांगितलं, माणसानं हजार चंद्र पाहिल्याचा सोहळा.

"मून व्ह्यूइंग?" तो म्हणाला. "मग रूफटॉप घ्या ना. फंक्शन रूमला खिडकीच नाही लाह." इथं वाक्याला 'लाह'चं शेपूट लागतंच.

मी म्हटलं, चंद्र पाहून झालेत. त्यानं फॉर्मवर 'बर्थडे' लिहिलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग एका रविवारी आम्ही आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये गेलो. बाबांनी टेबलावर टिशूचं पाकीट ठेवलं, आम्ही चहा आणायला गेलो. परत येतो तर तिथं एक बाई बसलेल्या. सत्तरीच्या, सुती साडी, पायात पळायचे बूट. आमचं पाकीट त्यांनी बाजूला सारलं होतं आणि त्यातल्याच एका टिशूनं त्या चष्मा पुसत होत्या.

बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता काय करावं?"

"करायचंय काय? बसा," बाई मराठीत म्हणाल्या. "चार खुर्च्या आहेत."

"आम्ही इथं पाकीट ठेवलं होतं," बाबा म्हणाले.

"कागद ठेवून जागा मिळत असती, तर इंग्रज आधीच गेला असता."

बाबा शांतपणे बसले, उजवा हात नसलेल्या काठीवर ठेवला आणि म्हणाले, "इंग्रज शेवटी कागदावर सही करूनच गेला, बाई."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण बाईंचा चेहरा खुलला. त्या नाशिकच्या, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मुलगा इथल्या विद्यापीठात शिकवतो, त्याच्याकडे आलेल्या. त्यांचे आजोबा कडवे जहाल, दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. दोन पिढ्यांपूर्वीचं भांडण चालवायला समोर हक्काचा माणूस मिळाल्यावर दोघांनी चहा थंड करून टाकला. "घरी चला," बाई शेवटी म्हणाल्या. "समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतो आम्ही. चांगला चहा देते."

आम्ही गेलो. दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर, चंदनाच्या हारात, आमचे पणजोबा.

तीच पगडी, त्याच मिशा, तेच उपरणं. उजवा हात काठीवर. मागे फुलदाणी ठेवलेला, अर्धाच कापला गेलेला कठडा. आमच्या फोटोतही तो अर्धाच आहे.

"हे आपल्याकडे कसे?" बाबांनी विचारलं.

"कसे म्हणजे? माझे आजोबा आहेत ते."

बाबा 'हो का' म्हणाले आणि कोचावर बसले. बाईंनी खरोखरच चांगला चहा केला होता. तो त्यांनी संपवला, कप बशीत नीट ठेवला, "छान झाला होता" म्हणाले. घरी परतताना लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, "तू नीट पाहिलंस ना?" मी हो म्हटलं.  घरी आल्यावर पहिल्यांदाच ते फोटोखाली न बसता समोरच्या खुर्चीत बसले आणि जेवणाची वेळ होईपर्यंत फोटोकडे बघत राहिले.

हे घोंगडं भिजत ठेवण्यात अर्थ नव्हता. कार्यक्रम तोंडावर आला होता. पुढच्या रविवारी बाई, त्यांचा मुलगा आणि त्यांचा फोटो असे तिघं आमच्या जेवणाच्या टेबलाशी आले. बाबांच्या सूचनेवरून माझ्या नवऱ्याला अध्यक्ष केलं, कारण तो जावई, त्याचा कोणाच्याच नाकाशी संबंध नाही. त्यानं शिपयार्डातल्या सुरक्षेच्या बैठकीसारखी सुरुवात केली. कोणाला काही इजा झालेली नाही ना, असं आधी विचारून घेतलं.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. एकच गृहस्थ आम्हा सगळ्यांकडे दोनदा पाहू लागला.

"यांच्या नजरेतला अंगार बघा," बाई म्हणाल्या.

"विचार आहे तो," बाबा म्हणाले.

"हा कोट जहालाचा वाटतो का?" मी विचारलं.

"तो लग्नातला आहे. आणि तुमच्या लक्षाधीशाच्या बोटात एकही अंगठी कशी नाही?"

"आजोबांना प्रदर्शन आवडत नसे."

मग नाकं झाली. बाबांनी एका बाजूनं तोंड केलं, बाईंनी दुसऱ्या. मी खरं सांगते, दोन्ही नाकं फोटोतल्या नाकासारखी होती. फोटोतलं नाक साधं, सरळ, कुणालाही शोभेल असं होतं. इतकी वर्षं आम्ही ज्याला घराण्याचं नाक म्हणत आलो, ते निम्म्या महाराष्ट्राला आहे.

मग जोड्याची गोष्ट निघाली. बाबांनी ती सांगितली, आणि बाई ताडकन उभ्या राहिल्या. "म्हणजे तो तुमच्या आजोबांना लागला? अहो, तो माझ्या आजोबांनी फेकलेला! एका पायानं अनवाणी घरी आले होते! आजी म्हणायची, नवा कोरा जोडा होता, नेमस्तांनी परतसुद्धा दिला नाही!"

"त्यांनी दुसरा मागितला होता," बाबा म्हणाले. माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या आवाजात आनंद होता. साक्षीदार मिळाल्याचा आनंद. आयुष्यभर सांगितलेल्या गोष्टीचा दुसरा पाय त्यांना सापडला होता. पण फोटोचं कोडं काही सुटलं नाही. जोडा फेकणारा आणि जोडा झेलणारा, दोघांतला कुणीही त्या खुर्चीत बसलेला असू शकत होता.

इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली माझी मुलगी म्हणाली, "फेस मॅचचं अ‍ॅप आहे ना. व्हाय यू ऑल सो ड्रामा?" तिनं टेबलाभोवतीच्या प्रत्येकाचा फोटो घेतला आणि यंत्राला निकाल विचारला. यंत्रानं बाबांना नाकारलं, बाईंना नाकारलं, बाईंच्या मुलाला नाकारलं, मला तर विचारातही घेतलं नाही. पगडीवाल्या गृहस्थाशी सर्वांत जास्त जुळला तो माझा नवरा.

अध्यक्षांवरच आक्षेप आल्यामुळे सभा तहकूब झाली. नवऱ्याचे पणजोबा बेळगावकडे भिक्षुकी करायचे, त्यांनी उभ्या जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. तरी दोन दिवस तो येता-जाता आरशात बघत होता आणि माझ्याशी जरा मान राखून बोलत होता. तिसऱ्या दिवशी मी त्याला ताळ्यावर आणलं.

बाबांचं मात्र वेगळंच सुरू झालं. ते बसायला घाबरू लागले. खुर्ची दिसली की अडखळत. बसले की उजवा हात आपसूक पुढं जाई, मग चटका बसल्यासारखा ते तो मागं घेत. जेवताना, टीव्हीसमोर, एमआरटीच्या गाडीत. कुणी जागा दिली तरी उभेच राहत. मला त्यांचा राग आला, मग काळजी वाटली. शनिवारी मी त्यांना उबीनला घेऊन गेले. निदान बोट तरी बघतील.

धक्क्यावर आम्ही आठजण होतो. बारा व्हायची वाट बघत बाकांवर बसलो. बाबा उभे.

"तो फोटो कुणाचा का असेना," मी म्हटलं. "तुमचे आजोबा तुमचेच आहेत ना? पुस्तकात लिहिलंत ते सगळं खरंच आहे ना?"

"आजोबांचं काही नाही गं," ते म्हणाले. "ते जाऊन माझ्या जन्माआधीच दहा वर्षं झाली होती. माझं बोलतोय मी." ते समुद्राकडे बघत होते. "मला राग यायचा. पुष्कळ यायचा. ऑफिसात, तुझ्या लग्नात, तुझ्या आईच्या आजारपणात त्या डॉक्टरावर. दर वेळी मला तो फोटो आठवायचा. वाटायचं, हा माणूस ओरडला नसता. मग मी नाही ओरडायचो. आता तो माणूस जर जोडे फेकणारा असेल, तर मी हे सगळं गिळलं ते कुणासाठी?"

 माझे वडील म्हणजे राग नावाची वस्तूच घरात न आणलेला माणूस, असं मी पन्नास वर्षं धरून चालले होते. त्यांच्यावर चिडचिड केली, त्यांना मिळमिळीत म्हटलं. आणि हा माणूस माझ्याहून तापट निघाला. मला त्यांचा हात धरावासा वाटला, तेवढ्यात सायकली घेऊन चारजण आले, कोरम भरला आणि बोटवाल्यानं हाक मारली.

कार्यक्रमाच्या दिवशी फंक्शन रूम भरली होती. धुराच्या सेन्सरमुळे होम नव्हता. गुरुजींनी सगळं मंत्रांवर भागवलं. नातीनं आणि मी औक्षण केलं, चांदीच्या चंद्राची पूजा झाली, वर छताला वातानुकूलनाची जाळी होती तिला नमस्कार करून बाबांनी चंद्रदर्शन घेतलं. मग पुस्तक. बाबा बोलायला उभे राहिले. पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या. त्यांना बाबांनीच आग्रहानं बोलावलं होतं.

बाबांनी सगळी हकीकत सरळ सांगून टाकली. मग म्हणाले, "पुरावा दोघांकडेही नाही. अशा वेळी उदारपणा दाखवणं ही आमच्या घरची रीत आहे. मी असा ठराव मांडतो, की मुखपृष्ठावरचे गृहस्थ या बाईंचे आजोबा आहेत असं आजपासून मानावं, आणि आमच्याकडचा फोटोही त्यांना सादर भेट द्यावा."

टाळ्या पडणार, एवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"माझा विरोध आहे," त्या म्हणाल्या. "हे दान मी घेणार नाही. आमचे आजोबा तुम्ही आम्हाला देणारे कोण? ते आमचेच आहेत असं कबूल करा, मग नेते."

"जे सिद्ध झालं नाही ते कबूल कसं करणार?" बाबा म्हणाले. "देऊ मात्र शकतो."

"देणगी नको. हक्क हवा."

"मी देतोच आहे ना?"

"म्हणूनच नको!"

लोक एकदा इकडे, एकदा तिकडे माना वळवत होते. शंभर वर्षांपूर्वी ज्यावरून खुर्च्या उडाल्या असतील, तेच भांडण आंग मो किओजवळच्या एका कॉन्डोत, शिऱ्याच्या वासात, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं. फक्त या वेळी जो देत होता त्याचं कोणी घेत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका मुलीनं हात वर केला. विद्यापीठात संशोधन करणारी होती, कुणाच्या तरी ओळखीनं जेवायला आलेली. हातात पुस्तक होतं.

"सॉरी हं," ती म्हणाली. "पण हा फोटो आमच्या धुळ्याच्या घरी पण आहे. हे आमचे खापरपणजोबा. वैद्य होते. मूळव्याधीवर औषध द्यायचे."



"अशक्य!" बाबा गरजले.

असा आवाज मी आजवर त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. माइकची गरज नव्हती. समईची ज्योत हलली असं मला वाटलं, पण ती बॅटरीवरची होती. "अशक्य! साफ खोटं! वैद्य? काठीवरचा हात बघा! हा हात नाडी बघणाऱ्याचा आहे का?"

"शब्द मागे घे, मुली!" बाई बाबांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "हा माणूस देशासाठी झटलेला आहे!"

"आणि सनदशीर मार्गानं!" बाबा ओरडले.

"कसल्याही मार्गानं!" बाई ओरडल्या.

नेमस्त आणि जहाल मूळव्याधीविरुद्ध एक झाले. माझी मुलगी खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "वाह, आजोबा सो फिअर्स लाह!" बिचारी धुळ्याची मुलगी घाबरून म्हणाली, "बरं, मग नसतील आमचे," आणि शिऱ्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिला मी नंतर दोन वाट्या जास्त वाढल्या. बाबांचा चेहरा लाल झाला होता, मिशा थरथरत होत्या, आणि ते इतके तरतरीत दिसत होते की गुरुजी मला म्हणाले, "यांना अजून पुष्कळ चंद्र आहेत."

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले होते. बाबा बाल्कनीत खुर्ची ठेवून बसले होते. अंगात साधा बुशशर्ट.

"माझा एक फोटो काढतेस?" ते म्हणाले. "मोबाइलवर नको ठेवू. कागदावर काढून आण आणि मागं नाव लिहून ठेव. नुसतं नाव नको. कोण, कुठला, सगळं."

"लिहीन ना."

"आणि हेही लिही, की माणूस रागीट होता."

मी मोबाइल धरला. त्यांचा उजवा हात पुढं गेला, त्यांनी तो मागं घेतला. मग खिशात घातला, मग दुसऱ्या हाताखाली, मग गुडघ्यावर. ऐंशी वर्षांच्या माणसाला आपले हात ठेवायला जागा सापडत नव्हती. 

"हात कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं.

"ठेवा कुठंही."

"असं नको गं. सांग काहीतरी." मग म्हणाले, "तुझ्या आईला हे कधी कळलंच नाही. तिला वाटायचं, मला कशाचंच काही वाटत नाही."

"आईला माहीत होतं, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही 'त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे' म्हणालात ना, की ती आत जाऊन भांडी आपटायची. मी एकदा विचारलं, तू का चिडलीस? तर म्हणाली, मी कुठं चिडले, ही तुझ्या वडलांच्या वाटची आपटतेय."

 बाबांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. हातांचं ते विसरूनच गेले. तेवढ्यात मी फोटो काढला.